संघर्षाचे पदर : एका अपुऱ्या कादंबरीच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक कादंबरी लिहिली. दोनशे पानी वही, अकरा प्रकरणे आणि शीर्षक 'नाव'. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत मी लिहीत बसलो, की परीक्षेचा अभ्यास चालला आहे असेच घरच्यांना वाटे आणि आई हळूच चहाचा कप आणून ठेवी. सुट्टी संपल्यावर मोठ्या धीराने ती वही मी आमच्या मराठीच्या सरांकडे दिली. पंधरा दिवसांनी ती परत आली. शेवटच्या पानावर लाल शाईने एकच ओळ होती : 'यात भांडण पुष्कळ आहे, संघर्ष दिसत नाही.'

त्या एका ओळीचा अर्थ लावता लावता माझे पुढचे सहा महिने गेले. या काळात ग्रंथालयातून काही कादंबऱ्या पुन्हा वाचल्या आणि माझे लेखन त्यांच्याशेजारी ठेवून पाहिले. त्यातून जे थोडेफार उमगले, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. मी कोणी समीक्षक नाही. पण ज्याची भिंत नुकतीच पडली आहे, त्याला भिंत कशाने पडते हे थोडे ठाऊक असते. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

आधी माझ्या त्या कादंबरीचे कथानक सांगितले पाहिजे. आमचे गाव कृष्णाकाठी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गावचे नावाडी. आजोबांच्या काळापासून आमची नाव अलीकडून पलीकडे माणसे नेत असे. गावच्या माणसाकडून उतारूचे पैसे घ्यायचे नाहीत, सुगीला घरटी बैते घ्यायचे, आणि परगावच्याने मात्र रोख द्यायचे, अशी रीत होती. २०१५ साली, मी तिसरीत असताना, नदीवर पूल झाला आणि नाव काठावर पालथी पडली. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा तो पूलही पाण्याखाली गेला. एवढा भाग खरा.

यावर मी रचले ते असे : गावचा सरपंच आणि पुलाचा ठेकेदार हे दोघे पाताळयंत्री. त्यांनी पैसे खाण्यासाठी पूल आणला आणि गरीब नावाड्याला देशोधडीला लावले. गाव कृतघ्न निघाले. मग महापूर आला, पूल बुडाला, आणि सारा अपमान विसरून नावाड्याने रात्रीच्या रात्री नाव पाण्यात घालून गाव वाचवले. शेवटी सरपंचाने त्याचे पाय धरले. हा सरपंच पानोपानी मिशीवर ताव देऊन विकट हास्य करीत असे. आज ते आठवले की माझेच मला हसू येते.

आता सरांच्या ओळीकडे वळू. भांडण आणि संघर्ष यांत फरक काय? भांडणात एक बाजू बरोबर असते आणि दुसरी चूक. ती चूक बाजू कोणती हे वाचकाला पहिल्या दहा पानांतच समजते. मग उरलेली एकशे नव्वद पाने तो केवळ तिला शिक्षा कधी होते याची वाट पाहत वाचतो. संघर्षात मात्र दोन्ही बाजूंना सोडून देता न येण्यासारखे काहीतरी असते. तिथे कोण जिंकणार याहून, जो जिंकेल तोही काय गमावणार, ही हुरहुर वाचकाला लागते. लघुकथा एखाद्या भांडणावर तरून जाईल. कादंबरीचा पल्ला लांब असतो, तेवढ्याने ती पैलतीराला लागत नाही.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीवरून हे मला स्पष्ट झाले. विषय माझ्या विषयाच्या अगदी शेजारचा. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला ना बायको ना पोर. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि ती जनावरे एकेक करून कमी होत जातात. वरवर पाहता ही यंत्र आणि बैल यांची गोष्ट आहे. पण यादवांनी मालकाला माझ्या सरपंचासारखा राक्षस केलेले नाही. शेती करणाऱ्याने ट्रॅक्टर घ्यावा यात त्याच्या दृष्टीने वावगे काय? त्याचा हिशोब त्याच्या जागी चोख आहे. आणि तो चोख आहे म्हणूनच नारबाचे दुःख अधिक बोचते, कारण त्याला बोट दाखवायला कोणी गुन्हेगारही सापडत नाही.

त्याच कादंबरीत आणखी खाली पाहिले तर दुसरा पदर दिसतो, तो मालक आणि गडी यांच्या नात्याचा. ज्याने आयुष्य मळ्यात घातले तो मळ्याचा कोण लागतो? त्याच्या खाली तिसरा पदर आहे. नारबा जनावरांवर इतका जीव लावतो, कारण माणसांचा गोतावळा त्याच्या वाट्याला आलेलाच नाही. लग्नाची, घराची ओढ त्याच्या पोटात आहे. म्हणजे गोठा रिकामा होतो तेव्हा तीन ठिकाणी एकदम काहीतरी तुटते : शेतीच्या पद्धतीत, मालकाशी असलेल्या नात्यात आणि नारबाच्या आत. शिवाय हे सारे नारबाच्याच बोलीत येते. लेखक मध्ये येऊन काही समजावून सांगत नाही.

यावरून मी वहीत तीन रकाने आखले. पहिला 'गावात', दुसरा 'घरात', तिसरा 'मनात'. माझ्या अकरा प्रकरणांतला प्रत्येक प्रसंग डाव्या बाजूला लिहून, त्या प्रसंगाने या तीन ठिकाणी काय बदलले ते समोर मांडत गेलो. सात प्रकरणांचा फक्त पहिला रकाना भरला. दुसरा दोनदा भरला, तोही 'बायको रडली' एवढाच. तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहिला. संघर्ष दिसत नाही म्हणजे काय, हे मला त्या कोऱ्या रकान्यात दिसले. ज्यांच्या पेटीत एखादी अर्धी कादंबरी पडून आहे, त्या मित्रमैत्रिणींनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. त्याला एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरते.

मग पहिला रकाना तरी नीट भरावा म्हणून मी पूल हवा असलेल्या माणसांची यादी केली. ती यादी लांबतच गेली. पलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला जायला वीस-बावीस किलोमीटरचा वळसा पडे. पलीकडच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुली पावसाळ्यात घरी बसत. माझा धाकटा चुलता आज त्याच पुलावरून वडापची जीप चालवतो आणि त्याच्या घरावर स्लॅब पडला आहे. यांच्यापैकी कोणीही पाताळयंत्री नव्हता. सरपंचालाही पूल हवा होता, कारण गावाला हवा होता. एवढे लिहिल्यावर सरपंचाची मिशी आपोआप उतरली.

दुसरा रकाना कसा भरला ते सांगायचे म्हणजे थोडे घरातले सांगावे लागेल. आईला वाचता येत नाही. मे महिन्यात एका दुपारी मी तिला पहिली तीन प्रकरणे वाचून दाखवली. ती शेंगा फोडत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "समदं चांगलं लिवलंयस. पर पूल व्हावा म्हणून म्या आसरांना खण-नारळ बोलले हुते, ते न्हाई लिवलंस."

मी चकित होऊन पाहत राहिलो. नावाड्याच्या बायकोने पुलासाठी नवस बोलावा, आणि तो नदीतल्या आसरांनाच! मग तिने सांगितले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. माझ्याआधी मला एक बहीण होती. २००५ च्या पावसाळ्यात, कृष्णेला मोठा पूर होता तेव्हा, दोन वर्षांच्या त्या पोरीला ताप भरला. दवाखाना पलीकडे. आबा काठावर गेले, पाणी पाहिले आणि परत येऊन म्हणाले, "नाव जायाची न्हाई." तिसऱ्या दिवशी पोर गेली. आई म्हणाली, "त्याचं चुकलं आसं न्हाई. घातली आसती तर समदीच गेलो आसतो. पर मला पूल पायजे हुता."

मला लहानपणापासून एक गोष्ट दिसत आली होती. आई आमच्या नावेत कधी बसत नसे. माहेरी जायचे तरी लांबच्या वाटेने एसटीने जाई. ती पाण्याला भिते, अशी मी समजूत करून घेतली होती.

आता लेखनाच्या दृष्टीने यातून काय शिकायचे? पहिली गोष्ट अशी, की मधला पदर हा वरच्या पदराच्या उलट दिशेला ओढणारा असावा. वरच्या पदरात नाव विरुद्ध पूल असा झगडा आहे आणि नावाड्याचे घर नावेच्या बाजूला आहे. मधल्या पदरात त्या घरातलीच एक बाई पुलाच्या बाजूला आहे. दोन्ही पदर एकाच दिशेने ओढत असतील तर ते दोन नसतात, एकच जाड पदर असतो. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून येते. नवऱ्याचे गावाशी बिनसते आणि मुलाचे बापाशी. तिला नवराही तोडता येत नाही आणि मुलगाही. गावातला संघर्ष आपल्याला तिच्या चुलीपाशी बसून कळतो, म्हणून तो नुसता गावातला राहत नाही. गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची, हा निवेदनाचा प्रश्न म्हणून आपण परीक्षेत लिहितो. पण कोणता पदर वाचकाच्या अंगाला लागेल, हेही त्यावरच ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे पदर उलगडण्याचा क्रम. वरचा पदर आधी दाखवावा, कारण वाचक त्याच दाराने आत येतो. आतले पदर आरंभी सांगू नयेत, त्यांची खूण मात्र ठेवावी. माझ्या नव्या आराखड्यात बहिणीची हकीकत पहिल्या प्रकरणात नाही. तिथे एवढेच आहे, की नावाड्याची बायको माहेरी एसटीने जाते आणि तिकिटाच्या पैशांवरून सासू कुरकुर करते. वाचक ते हसून सोडून देईल. पुढे खरे कारण समजल्यावर त्याला ते एसटीचे तिकीट आपोआप आठवेल. लेखकाने 'आठवा' असे सांगायला जाऊ नये.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पदर एकमेकांत गुंतवणे. नुसते एकावर एक रचले तर ते वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसतात. याची एक परीक्षा आहे. कोणताही एक पदर ओढून काढावा आणि बाकीची कादंबरी तशीच उभी राहते का ते पाहावे. राहत असेल, तर तो पदर नव्हता, ठिगळ होते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीला ही परीक्षा लावून पाहिली. युरोपातून आशियाकडे निघालेली बोट, तीवर हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी आणि चक्रधर हा हिंदी तरुण. यातून नाझी राजवटीचा आणि येऊ घातलेल्या युद्धाचा पदर काढला, तर हॅर्टा त्या बोटीवर येतच नाही. चक्रधरच्या आधीच्या प्रेमभंगाचा पदर काढला, तर त्याचा तो अविश्वास, ती कचखाऊ वृत्ती उरत नाही. दोन्ही पदर त्या बोटीच्या डेकवर एकत्र येतात, आणि म्हणून शीर्षकातले रणांगण नेमके कोणते, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही मागे राहतो.

माझ्या कादंबरीत असा एकत्र येण्याचा प्रसंग कोणता? तो माझ्या डोळ्यांदेखत घडून गेला होता आणि मी तो खोटा लिहिला होता. २०१९ च्या पुरात आबांनी गाव वाचवले नाही. खरे घडले ते असे. मी तेव्हा आठवीत होतो. पुलावरून पाणी गेल्यावर रात्री दहा-पंधरा माणसे बॅटऱ्या घेऊन आमच्या दारात आली. नाव काढा म्हणाली. खालच्या आळीत माणसे माळ्यावर अडकली होती. आबा त्यांच्याबरोबर नावेपाशी गेले. चार वर्षे ती पालथी पडून होती. पूर्वी दर उन्हाळ्यात ते फटींत काथ्या ठासून तिला डांबर लावत. पूल झाल्यावर ते बंद पडले होते. फळ्या तडकल्या होत्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात सगळीकडून हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "नाव जायाची न्हाई." कोणी विनवण्या केल्या, कोणी तोंडाला येईल ते बोलले. पूल झाल्याचा राग धरलाय, असेही एकजण म्हणाला. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाहेरून बचावाच्या बोटी आल्या आणि माणसे सुखरूप निघाली.

दारात आई उभी होती हे मला आठवते. तिने चौदा वर्षांनी तेच शब्द पुन्हा ऐकले होते, हे मात्र मला या मे महिन्यात कळले.

आता हा प्रसंग रकान्यांत मांडून पाहा. गावात : ज्या गावाने नाव टाकली त्याला ती पुन्हा हवी आहे आणि ती देण्याजोगी उरलेली नाही. घरात : जिने नवसाने पूल मागितला तिचा पूलही पाण्याखाली गेला आहे आणि नवरा पुन्हा एकदा नकार देतो आहे. मनात : ज्या माणसाने स्वतःच्या पोरीसाठी नाव घातली नाही, तो गावासाठी ती घालू शकत नाही, आणि दोन्ही वेळा त्याचे पाण्याचे गणित बरोबर आहे. तिन्ही रकाने एका ओळीत भरले. पूर्वीच्या प्रकरणात मी नावाड्याला शूर केले होते. तो शूर झाल्याबरोबर तिन्ही संघर्ष एकदम मिटत होते आणि कादंबरी संपण्याऐवजी थांबत होती. नायकाला जिंकवण्याचा मोह फार मोठा असतो. विशेषतः तो नायक आपला बाप असेल तर.

आता आशयसूत्राविषयी. आपण आशयसूत्र आणि तात्पर्य यांत गल्लत करतो. मीही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते : 'प्रगतीमुळे गरिबाचे नुकसान होते.' एकदा असे वाक्य ठरले, की सारी पात्रे कोर्टातल्या साक्षीदारांसारखी येऊन तेवढेच बोलून जातात. आता मला वाटते, की आशयसूत्र हे विधान नसून प्रश्न असावा, आणि प्रत्येक पात्राने आपापल्या जगण्यातून त्याला वेगळे उत्तर द्यावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पाहा. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. परका माणूस एखाद्या गावाचा कधी होतो का, असा प्रश्न त्या कादंबरीतून मला ऐकू येतो. कारभाऱ्याच्या लोभातून आणि रागातून त्याचे उत्तर बदलते. साऱ्यांनी अंगमेहनतीने तालीम उभारली तेव्हा ते 'हो' असे वाटते. आणि दुष्काळाने वाडीच उठून गेल्यावर तो प्रश्नच अधांतरी राहतो. माडगूळकरांनी कोठेही तात्पर्य सांगितलेले नाही.

माझ्या वहीतले पहिले वाक्य खोडून मी तिथे प्रश्न लिहिला : जे आपल्याला पलीकडे नेते, त्याचे आपण नंतर काय करतो? गावाचे उत्तर असे, की बैते दिले, हिशोब मिटला. चुलत्याचे उत्तर, काळाबरोबर गाडी बदलावी. आईचे उत्तर तिच्या नवसात आहे. आबांचे उत्तर ते बोलत नाहीत. पण ज्या बांबूने ते नाव रेटत, तो आजही आमच्या वळचणीला आडवा बांधलेला आहे, आणि दर पावसाळ्यापूर्वी त्याला ते गोडेतेल लावतात.

अशी एखादी वस्तू कादंबरीभर पुन्हा पुन्हा आली, की सूत्र बांधायला उपयोगी पडते. मात्र दर वेळी तिचा अर्थ थोडा बदलला पाहिजे. पहिल्यांदा तो बांबू नुसते कामाचे साधन असेल. मग त्यावर आई वाळवणाचे लुगडे टाकील. पुराच्या रात्री त्याने दारातल्या पाण्याची खोली मोजली जाईल. तोच अर्थ घेऊन ती वस्तू तीनदा आली तर वाचकाला लेखकाचे बोट दिसते.

दोन धोके सांगून ठेवतो, कारण दोन्हींत मी स्वतः पडलो आहे. पदर वाढवायचे म्हणजे विषय वाढवायचे नव्हेत. मध्यंतरी उत्साहाच्या भरात मी कादंबरीत हुंडा, वाळूउपसा, निवडणूक आणि एक प्रेमप्रकरण असे सारे घातले. ते पदर त्याच कापडाचे नव्हते. दुसरा धोका आम्हा खेड्यातून आलेल्या मुलांचा खास आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) वाचली, की प्रत्येकाला आपण पांडुरंग सांगवीकर आहोत असे वाटू लागते आणि महिनाभर आपण त्याच थाटात वाक्ये लिहितो. माझी वीस पाने अशी गेली. आपला संघर्ष दुसऱ्याच्या आवाजात सांगता येत नाही, एवढे कळायला ती पाने खर्ची पडली म्हणायची.

शेवटी तिसऱ्या रकान्याविषयी, जो अजून पुरता भरलेला नाही. आबांच्या मनाचा रकाना मी भरू लागलो तेव्हा ध्यानात आले, की निवेदक असलेल्या मुलाचा रकाना मी आखलेलाच नव्हता. संघर्षात तो कोठे आहे? तो नुसता पाहणारा, सर्वांचा न्याय करणारा. असे राहणे सोयीचे असते. पण पूल खुला झाला त्या दिवशी शाळेच्या स्वागतगीतात मी पहिल्या रांगेत होतो. फीत कापल्यावर आम्ही पोरे पलीकडे धावत सुटलो आणि सर्वांत आधी मी पोहोचलो. संध्याकाळी आबांनी विचारले, "किती येळ लागला रं पल्याड जायाला?" मी फुशारकीने सांगितले, "पुरते शंभर आकडेसुद्धा नाही झाले." ते "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले.

हा प्रसंग पहिल्या वहीत नाही. तो मी विसरलो नव्हतो, टाळला होता. आज मी कॉलेजला येतो तो त्याच पुलावरून, सकाळच्या पहिल्या एसटीने. पूल नसता तर हा लेख लिहायला मी इथे नसतो, हे लिहिल्याशिवाय बापाची बाजू मांडण्याचा मला अधिकार नाही. कादंबरीत सर्वांत आतला पदर बहुधा लेखकाने स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो आणि तोच सोडवायला त्याचा हात धजत नाही, असे मला या खटाटोपावरून वाटते. मोठ्या लेखकांविषयी बोलण्याची माझी पात्रता नाही. माझ्यापुरते मात्र हे खरे आहे.

अकरांपैकी दोन प्रकरणे ठेवली, नऊ काढून टाकली. नवीन चौथे प्रकरण सध्या चालू आहे. मी काय लिहितो हे आता घरी ठाऊक झाले आहे. शनिवारी गावी गेलो की आबा विचारतात, "नाव कुठवर आली?" मी सांगतो, "अजून मधीच आहे." यावर ते पाण्याविषयी एखादी बारीक गोष्ट सांगतात. भोवऱ्याच्या कोणत्या बाजूने जायचे, गढूळ पाण्यात तळ कसा ओळखायचा. मी ती वहीत टिपून ठेवतो. बहिणीचे प्रकरण मात्र अजून त्यांना वाचून दाखवलेले नाही. ते दाखवावे की नाही, आणि न दाखवता छापायला द्यावे का, याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

आपल्या महाविद्यालयात लिहिणारे आणखी कितीतरी जण असतील. त्यांनी आपापल्या वह्या पेट्यांतून बाहेर काढाव्यात. आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे रकाने तपासता आले तर फार बरे होईल. दुसऱ्याचा कोरा रकाना चटकन दिसतो. आपला दिसायला कोणीतरी लाल शाई वापरावी लागते. ती वापरल्याबद्दल सरांचा, आणि खण-नारळाची गोष्ट सांगितल्याबद्दल आईचा, मी ऋणी आहे.